जनूला आवतण

माझी जाऊ सुंदराबाई आमच्या मोरिवलीत काडेपेटी घेऊन फिरते. लोक तिला वेडी म्हणतात. म्हणू देत! मीही म्हटलंय, तिच्या तोंडावर.

कित्येक वर्षं ती गावाला लागूनच्या वायरच्या कंपनीत होती. प्लास्टिकच्या दाण्यात पांढरी पावडर मिसळायची. अँटिमनी तिचं नाव. घरी यायची तेव्हा हिच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. "ही असली का वायर पेटत नाय गो," सांगायची. माल निघाला की एक तुकडा कापून त्याला काडी लावायची. काडी बाजूला केली की ज्योत आपोआप विझली पाहिजे. विझली की बाई खूश, जसं काय हिनेच फुंकर मारलीय.

ही पावडर बनते खाणीतल्या दगडातून, आणि त्यातल्या बऱ्याच खाणी चीनच्या. बॅटरीला लागते, बंदुकीच्या गोळीला लागते, सगळ्या जगाला लागते. दोन हजार चोवीसच्या गणपतीत चीनने हात आखडला आणि भाव आभाळाला भिडले. सुपरवायझर चंदर म्हणाला, "बाई, आधाच डाल. उपरसे ऑर्डर है." हिने अर्धीच टाकली. तुकडा पेटवून बघणंही बंद झालं. पोट आहे, काय करणार?

पुढच्या शिमग्यात शेजारच्या शहरातलं, कॅम्प पाचमधलं विजेच्या सामानाचं एक दुकान जळालं. हिचा मुलगा जनू तिथेच कामाला होता. शॉर्ट सर्किट झालं आणि आग वायरीवरून सरसर दारापर्यंत आली. जनू आतच राहिला. ती वायर हिच्या हातची होती की नव्हती, जळून गेल्यावर कोण सांगणार? तेव्हापासून जनू हिच्या उशाशी येऊन बसतो, असं ही म्हणते. एकच विचारतो, "आये, पावडर टाकलीवतीस ना?" म्हणून ही काडेपेटी घेऊन ज्याच्या त्याच्या वायरीचा तुकडा पेटवून बघत फिरते.

यंदा माझ्या शलाकाची हळद होती. दुपारी मांडवात धवलारीण गायला बसली. आमच्यात ती लग्नाला आधी देवांना बोलावते, मग घरातल्या मेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. तिने जनूचं नाव घेतलं मात्र, सुंदरा ताडकन उठली.

"नको बोलवू त्याला! तो कवाच आलाय. वर वायरी बघतोय बग."

माझं डोकंच फिरलं. "अगो बाई, माझ्या पोरीच्या हळदीत तरी नको!" मी तिची काडेपेटी हिसकावली. लायटिंगवाला सनी वायर जोडत होता, त्याच्याकडून एक तुकडा घेतला आणि सगळ्यांसमोर पेटवला. म्हटलं, एकदाची हिची खोड मोडू दे.

काडी बाजूला केली. ज्योत विझेना. चढत चढत माझ्या बोटांपर्यंत आली. मी तुकडा पाण्याच्या बादलीत फेकला. डोक्यावर सगळा कापडाचा मांडव, आणि त्यातून तीच वायर फिरवलेली.

"काढ," मी सनीला म्हटलं. "सगळी काढ."

"काकी, फिर अंधेरे में हळद करणार क्या?"

"आत्ताच करणार. उजेड आहे तोवर."

सनी वायरी उतरवत गेला, सुंदरा गुंडाळत गेली. शेवटची वायर खाली आली तशी ती धवलारिणीपुढे जाऊन बसली.

"आता बोलव त्याला," म्हणाली.

हळद लागली, पंगत बसली. सुंदराच्या शेजारी मी जनूचं पान मांडलं. तिने स्वतः वाढलं, मग त्या पानाकडे मान वळवून हळूच म्हणाली, "अर्धीच टाकलीवती रे, बाळा."