म्हातारीच्या पोटातलं तेल

लष्करी वाहनांच्या संग्रहालयात वंगणकाका तेवीस वर्षं फिटर होते, आणि तेवीस वर्षांत संचालकांच्या खोलीत त्यांना कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. काकांचीही तक्रार नव्हती. त्यांची पँट ज्या खुर्चीला लागे, ती पुढे दुसऱ्या कुणाच्या कामाची राहत नसे.

काकांचा जीव एका बाईत अडकलाय, असं त्यांची बायको चारचौघांत सांगे. ही बाई म्हणजे शेडच्या कोपऱ्यातली सहा चाकांची चिलखती गाडी. वय सत्तरीच्या पुढे, वजन अकरा टन. सगळे तिला म्हातारी म्हणत. "माझे गुडघे दुखतात म्हटलं तर बामाची बाटली दाखवतात," बायको म्हणे, "आणि तिचं चाक कुरकुरलं की भरल्या ताटावरून उठतात."

संग्रहालयाचा नियम सोपा होता. वर्धापनदिनी जी गाडी मैदानाला स्वतः फेरी मारील ती शेडमध्ये, जी मारणार नाही ती सिमेंटच्या ओट्यावर. ओट्यावर गेली की इंजिन काढायचं, चाकं वेल्ड करायची आणि लोकांना वर चढून फोटो काढता यावेत म्हणून बाजूला शिडी लावायची. आता चालत्या गाड्या पाचच उरल्या होत्या, आणि ओट्याचं नाव निघालं की काका पाना घेऊन म्हातारीखाली शिरत.

यंदा नवे संचालक आले. साहेब याआधी कशाचे संचालक होते देव जाणे, पण गाड्यांचे नव्हते, एवढं पहिल्याच दिवशी कळलं. म्हातारीच्या गिअरबॉक्सचं तेल बदलायला झालं होतं, तर त्यांनी तेल निवडायला समिती नेमली. समितीत ग्रंथपाल, जनसंपर्क अधिकारी आणि बागेचा प्रमुख. फिटरला घ्यायचं तेवढं राहून गेलं. मोठ्या कामात अशा बारीकसारीक गोष्टी राहतातच. तीन बैठका आणि बिस्किटांचे सात पुडे संपवून समितीने बाजारातलं सगळ्यात महाग तेल निवडलं. कंपनी ते फुकट देणार होती, बदल्यात डब्यावर म्हातारीचा फोटो. कंपनीचा विक्री अधिकारी कोण, तर काकांचा सख्खा जावई.

काका साहेबांसमोर उभे राहिले. "साहेब, हिच्या गिअरबॉक्सात पितळी बुश आहेत, दांडे फिरतात त्या कड्या. ह्या तेलात गंधक असतं. आजच्या पोलादी गिअरांना ते अमृत, पण तापलं की पितळ खातं. हिला साधं, जाड, जुन्या पद्धतीचं तेलच लागतं."

"अहो काका, हे तेल शर्यतीच्या गाड्यांत घालतात."

"म्हातारीला कुठे शर्यतीत धाडायचंय, साहेब?"

साहेबांनी घड्याळ बघितलं.

काका हट्टाला पेटले. म्हातारीचा एक जुना बुश घासून लखलखीत केला, त्याचे दोन तुकडे केले, एक कंपनीच्या तेलात बुडवला, एक आपल्या. दोन्ही बरण्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून चार दिवस गॅसवर. घरभर सडक्या अंड्यांचा वास. बायकोने पदर नाकाला लावून विचारलं, "अहो, हे काय शिजवताय? आणि माझ्या चांगल्या पातेल्यात?" चौथ्या दिवशी काकांच्या तेलातला तुकडा होता तसा निघाला. कंपनीच्या तेलातला तव्याच्या बुडासारखा काळा पडला होता. साहेबांनी ती बरणी उजेडात धरली आणि विचारलं, "ह्याला प्रयोगशाळेचा शिक्का कुठाय?"

रविवारी लेक-जावई चहाला आले. जावई कपाकडे बघत म्हणाला, "बाबा, त्या फोटोवर माझी बढती आहे हो." लेक नुसती बापाकडे बघत राहिली. मागण्याची ही पद्धत तिने लहानपणापासून जपली होती, आणि बापाने तिला कधी नाही म्हटलं नव्हतं.

मग काकांनी सगळ्यांना खूश केलं. कंपनीचे डबे सीलसकट ताडपत्रीमागे लपवले, म्हातारीच्या पोटात आपलं तेल ओतलं आणि नोंदवहीत 'तेल बदलले' एवढंच लिहिलं. खोटं म्हणाल तर एक अक्षर नाही.

वर्धापनदिनी म्हातारी लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. एक सोडून दोन फेऱ्या. साहेबांनी आधुनिक वंगणशास्त्रावर वीस मिनिटं भाषण ठोकलं, जावयाला चषक मिळाला, आणि काकांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. साप मेला होता, काठीही शाबूत होती.

आठवड्याने परिपत्रक निघालं: सदर तेल यशस्वी सिद्ध झाल्यामुळे पाचही गाड्यांत येत्या एक तारखेपासून तेच वापरावे. पाचही गाड्यांत बुश पितळीच होते, आणि काका तीस तारखेला निवृत्त होणार होते. कागद हातात घेऊन ते म्हातारीच्या पायरीवर बसले. समितीला तीन बैठकांत जमलं नव्हतं ते त्यांनी एका दुपारी करून दाखवलं होतं. त्या तेलाला पहिल्या नंबराने पास केलं होतं.

निरोपसमारंभ संचालकांच्या खोलीत झाला. काकांना खुर्ची मिळाली. वर वर्तमानपत्र अंथरलं होतं. शेजारी बायको, समोर लेक आणि जावई. साहेबांनी बोलायला सांगितलं तेव्हा काका उठले. लेकीकडे बघितलं असतं तर जीभ वळली नसती, म्हणून खिडकीकडे बघत म्हणाले, "म्हातारी माझ्या तेलावर चालली, साहेब. कंपनीचे डबे ताडपत्रीमागे आहेत. सील तसंच आहे."

जावयाचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात बायकोने पिशवीतून ती बरणी काढून साहेबांच्या काचेच्या टेबलावर दाणकन ठेवली. "विश्वास नसेल तर बघा. आणि शिक्का हवाच असेल तर माझं जळकं पातेलं आणून देते."

साहेब न्यायी माणूस. दुसऱ्याच दिवशी दोन आदेश निघाले. पहिला, परिपत्रक रद्द. बाकीच्या चार गाड्या वाचल्या. दुसरा, जिच्यामुळे वाद झाला त्या गाडीला पुन्हा कधी तेलच लागू नये अशी व्यवस्था करावी.

ओटा पंधरा दिवसांत बांधून झाला. म्हातारीला वर चढवायला मात्र काकांनाच घरून बोलवावं लागलं, कारण तिचा गिअर दुसऱ्या कुणाला टाकता येत नव्हता. काकांना नाही म्हणता आलं असतं. पण मग तिला साखळ्या लावून फरपटत नेलं असतं, आणि ते त्यांना बघवलं नसतं.

पहिला गिअर आवाज न करता पडला. म्हातारी चढावर कुठेही न अडखळता, न कुरकुरता चढली आणि ओट्यावर आखलेल्या रेघेवर अचूक थांबली. आत काकांनी खिशातल्या फडक्याने स्टिअरिंग पुसलं. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

खाली जावई शिडी धरून उभा होता. बढती गेल्यापासून तो सासऱ्याशी बोलला नव्हता. "सावकाश, बाबा," तो म्हणाला. तेवीस वर्षं त्या गाडीतून उडी मारून उतरणाऱ्या काकांनी पहिल्यांदाच पायरी चाचपली आणि त्याचा हात घट्ट धरला.