डॅशबोर्डवरचा अँटिरडार

कझाकस्तानातल्या तराझ शहरात, गाडीबाजारामागच्या गल्लीत सातिमकुलचं वायरिंगचं दुकान. वय त्रेपन्न, पोट सुटलेलं, पण हात अजून हलका. पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल लागली की टीं टीं करणारा अँटिरडार बसवावा तर त्यानेच, असं टॅक्सीवाले म्हणत. कारण तो जागा बघण्यात वेळ घालवायचा. वायपरच्या आड नको, पुढून काही अडायला नको, डबा सपाट बसायला हवा. आणि शेवटी मालकाला सीटवर बसवून विचारायचा, "रस्ता पूर्ण दिसतो का?" हे विचारल्याशिवाय त्याने कधी गाडी सोडली नव्हती.

एकदा सोडली. रौशन आपाची.

रौशन आपा साठीची, गावातून शहरात सवाऱ्या आणणारी. बुटकी इतकी, की सीटवर जाड उशी घेऊन बसायची. गाडी जुनी जपानी, स्टेअरिंग उजवीकडे. काचेच्या वरच्या भागाला उन्हासाठी काळी फिल्म लावलेली, तिच्यात धातू. त्यातून यंत्राला काही कळलं नसतं. म्हणून सातिमकुलने डबा खाली, डॅशबोर्डवर स्टेअरिंगच्या डावीकडे चिकटवला. स्वतः सीटवर बसून पाहिलं. रस्ता स्वच्छ दिसला. आपा पलीकडे चहा पीत होती. घरी व्याही जेवायला आले होते आणि बायकोचा तिसरा फोन येऊन गेला होता. त्याने उशी जागेवर ठेवली आणि किल्ली तिच्या हातात दिली.

दोन महिन्यांनी ती परत आली. मनगट प्लॅस्टरमध्ये, गाडी भाच्याने चालवत आणलेली.

"हे काढून टाक," ती म्हणाली. "गाडी विकतेय."

"काय झालं, आपा?"

"आमच्या गावच्या दौलेतखानला उडवलं. डावीकडून घोड्यावरून रस्ता ओलांडत होता. भर दुपार, मोकळा रस्ता, आणि मला दिसलाच नाही. घोडा गेला. त्याचा पाय मोडला. माझे डोळे गेले, दुसरं काय."

सातिमकुल डबा काढायला सीटवर बसला. उशी तिथे नव्हती, आणि वायर शोधताना तो सहज खाली सरकला. नजर आपाच्या उंचीला आली. समोर डावीकडे रस्ता नव्हताच, नुसता काळा डबा होता.

त्याने डबा काढला, कागदात गुंडाळून आपाच्या हातात दिला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला.

नंतरचे तीन आठवडे त्याला जेवण गोड लागेना. कोणी अँटिरडार घेऊन आलं की "आज जमणार नाही" म्हणून परत पाठवायचा. बायकोने विचारलं, तर तिच्यावरच खेकसला. मग त्या व्याह्यांच्या जेवणाची आठवण होऊन आणखी शरमला. तिने कुठे सांगितलं होतं, अर्धवट काम टाकून ये म्हणून?

एका रविवारी सकाळी तो आपाच्या गावी गेला. ती अंगणात एका हाताने कपडे वाळत घालत होती. तो उभ्या उभ्याच बोलला.

"आपा, डोळे तुमचे नाही गेले. डबा मी चुकीच्या जागी लावला. तुम्हाला बसवून बघायला हवं होतं, नाही बघितलं. आणि त्या दिवशी दुकानात मला कळलं होतं."

आपाने ओला टॉवेल बादलीत परत टाकला. "त्या दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मी दोन डॉक्टरांकडे जाऊन आले, सातिमकुल. दोघांनी डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं. मग मला वाटलं, डोकंच फिरलं. नातवाला रस्त्यापलीकडे न्यायलासुद्धा घाबरते मी." तिने बादली बाजूला सारली. "चल. हे दौलेतखानसमोर बोल."

दौलेतखान दारातल्या बाकावर पाय लांब करून बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि त्याने आपाकडे पाहिलं. "किती वेगात होतीस?"

आपाने मान खाली घातली. "शंभर. गावात साठच हवे होते. डबा गप्प होता, म्हणजे पोलीस नाही, म्हणून दाबली."

"म्हणजे एकाने डोळे झाकले, दुसरीने पाय दाबला," दौलेतखान म्हणाला. "आणि घोडा माझा."

"आगा, मी घोडा घेऊन देतो," सातिमकुल म्हणाला.

"तुझा घोडा नको मला. गवत कापणीला आलंय. मी असा. कापून दे."

सातिमकुलने आयुष्यात विळा धरला नव्हता. ओळीने पाच रविवार तो गेला. तळहाताला फोड आले, कापलेल्या गवतात मधेमधे न कापलेले पट्टे राहिले. दौलेतखान बाकावरून नुसता बघायचा. आपा हात बरा झाल्यावर गवत गोळा करायला यायची. गाडी तिने विकली नव्हती, पण सवाऱ्या घेणंही सुरू केलं नव्हतं. सातिमकुलशी ती कामापुरतं बोलायची.

पाचव्या रविवारी गवताची गंजी रचून झाली. दौलेतखानच्या सुनेने चहा आणि भाकरी आणून ठेवली. तिघांनी चहा प्यायला. सातिमकुल निघताना हात मिळवायला दोन्ही हात पुढे करून उभा राहिला.

दौलेतखानने कुबडी घेतली, सावकाश उठला आणि गंजीकडे बघत म्हणाला, "जा आता. अंधार पडायच्या आत पोचशील."

हात त्याने दिला नाही. सातिमकुल त्यावर रागावला नाही. महामार्गाला लागेपर्यंत त्याने गाडी चाळीसच्या वर नेली नाही.