हिरवाच पिकणारा अंजीर

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीने गच्चीवरचा टाकीमागचा कोपरा मला वापरू दिला आहे. तिथे अंजिराच्या सव्वीस कुंड्या आहेत. नुसतं खाण्यासाठी कोणी सव्वीस झाडं लावत नाही. मला अंजीर ओळखण्याचा नाद आहे. पानाला बोटं तीन की पाच, फळाच्या बुडाचा डोळा उघडा की मिटलेला, कापल्यावर गर लाल, गुलाबी की पांढरा, हे सगळं वहीत लिहायचं, फोटो काढायचे आणि अंजीरवाल्यांच्या ग्रुपवर टाकून विचारायचं, हे कोणतं?

या नादात मी एका बाईचं झाड संपवलं. कुऱ्हाड मी चालवली नाही. पण ते झाड ज्या एका जागी वाचलं असतं, ती जागा माझी गच्ची होती.

माझी नोकरी कोलशेतला, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. दुपारी डबा खाऊन झाला की मी खाडीच्या बाजूला पाय मोकळे करायला जातो. तिथे कोळ्यांच्या घरांच्या ओळीत एका भिंतीवरून अंजिराची फांदी बाहेर आलेली दिसली. ते जुनं, जाड खोडाचं झाड होतं, आणि त्याच्या फांदीला जाळं वाळत टाकलेलं होतं. मी मान वर करून पानं बघत उभा राहिलो. अंगणात सत्तरीची एक बाई जवळा निवडत बसली होती.

"काय बगतंस र?"

"मावशी, अंजीर आहे ना हा?"

"मंग काय, बोंबील वाटला तुना?"

तिच्या सासऱ्याने ती फांदी वसईकडून होडीतून आणली होती. त्या दिवसांत झाडावर फळ नव्हतं, पण तिने मला सगळं सांगितलं. "हा पिकला तरी हिरवाच रतं. पोरांना कलत नाय, पाखरांना पन कलत नाय. मना कलतं." घरातली मुलगी लग्न होऊन निघाली की या झाडाची एक फांदी तिच्याबरोबर द्यायची, ही त्यांच्या घरची रीत होती. मी फांदी मागितल्यावर ती हसली. "म्हंजे तुजा लगीन लावाचा आज?" मग तिने स्वतः कोयत्याने तीन फांद्या तोडून दिल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून.

घरी येऊन मी त्या लावल्या आणि पानांचे फोटो ग्रुपवर टाकले. ग्रुपवरच्या जाणत्यांचं मत तासाभरात आलं. साधं पुण्याकडचं अंजीर आहे, कुंडी अडवू नका, फार तर दुसऱ्या जातीचं कलम बांधायला खुंट म्हणून वापरा. मी लिहिलं की बाई म्हणते, पिकूनही हिरवं राहतं. त्यावर एकाने लिहिलं, "कच्चंच खात असतील." मीही त्यावर हसणारा चेहरा टाकला. तो चेहरा अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुसता येतो, पण मी पुसलेला नाही.

तिन्ही फांद्यांना मुळं फुटली. त्या वर्षी ग्रुपमधल्या एकाकडून मला परदेशी जातींच्या काड्या मिळाल्या होत्या, आणि परदेशी अंजीर आपल्याकडे स्वतःच्या मुळांवर नीट धरत नाही असं मी वाचलं होतं. मी मावशीच्या तिन्ही रोपांचे शेंडे छाटले आणि त्यांच्यावर त्या काड्यांची कलमं बांधली. तिन्ही जगली. त्यांना मी छान लेबलं लावली, वरच्या जातीच्या नावाची. खालच्या खुंटाचं नाव लिहायची पद्धत नसते. कलमाच्या सांध्याखाली कोंब फुटला तर तो खुडून टाकायचा असतो, नाहीतर वरच्याचा जोर जातो. दर रविवारी मी ते कोंब अंगठ्याने खुडत होतो.

पुढच्या वर्षी मावशीने मला भिंतीपाशी थांबवलं आणि पानावर ठेवलेलं एक फळ दिलं. हिरवंगार, पण हातात घेतल्यावर लोण्यासारखं मऊ. बुडाच्या डोळ्यातून रसाचा एक थेंब आलेला. आत गर जवळजवळ पांढरा, आणि चव मधाची, शेवटी किंचित खारट. असं अंजीर मी त्याआधी खाल्लं नव्हतं आणि नंतरही नाही.

"मंग? कच्चा हाय?" तिने विचारलं.

ग्रुपवर कोण काय बोललं ते तिला कळणं शक्यच नव्हतं. तरी माझा चेहरा उतरला.

तेव्हाच तिच्याकडून नवीन फांदी मागायला हवी होती. पण तीन आधीच नेल्या होत्या, त्यांचं काय केलं ते कसं सांगणार? आणि झाड तर तिथेच होतं. थंडीत मागू, फांद्या तेव्हा चांगल्या धरतात, असं मी स्वतःला सांगितलं. त्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि अडीच महिने मी घरी होतो.

परत कामावर गेलो तेव्हा ती भिंत नव्हती. मुलांनी जुनं घर पाडून दोन मजली बांधायला घेतलं होतं. अंगणाच्या जागी कॉलम उभे होते आणि त्यांच्यामध्ये काँक्रीट ओतून झालं होतं. मावशी समोरच्या घराच्या पडवीत बसली होती. ती मजेत होती.

"पोरं म्हनत होती, आई, झार मधी येतंय. मी बोलले, तोरा. तुजेकरं तीन हायत ना."

मी हो म्हटलं.

"घर झाला का एक आनून दे मना. वरती पिंपात लावीन."

त्या रविवारी मी गच्चीवर गेलो आणि तिन्ही कलमं सांध्याखाली कापून टाकली. वरच्या परदेशी जातींचं मला काही वाटलं नाही. फक्त खुंट उरले, वीतभर उंचीचे. त्यांच्यावर कोंब येणार होता, यायलाच हवा होता. ज्याला वर्षभर मी खुडत आलो, त्या कोंबाची आता मी सकाळ-संध्याकाळ वाट बघू लागलो. आणि काळजीने पाणी घालत राहिलो. सकाळी घालायचो, ऑफिसातून आलो की घालायचो. पानं नसलेल्या खुंटाला पाणी लागत नाही हे मला माहीत आहे, मी लोकांना हे शिकवतो. पण नुसतं बघत उभं राहणं मला जमत नव्हतं. पहिला खुंट महिन्याभरात बुडाशी मऊ पडला. दुसऱ्याला डाळीएवढा कोंब आला, तो काळा पडून गळला. तिसरा उपटून पाहिला तर मुळांची साल हातात आली, कुजलेल्या वासाची.

मग मला तिच्या घरची रीत आठवली. मावशीची नणंद कल्याणजवळ मोहनेला दिली होती. मी काहीतरी निमित्त सांगून मावशीच्या मुलाकडून पत्ता मिळवला आणि गेलो. नणंद वारली होती. तिच्या सुनेने मला दाराशेजारची जागा दाखवली. "होतं इथे झाड. आता गाड्या लावतो." मावशीची स्वतःची मुलगी कळव्याला तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्याकडची फांदी कुंडीतच वाळली होती, हे मावशीच एकदा सांगून गेली होती. तिसरीकडे कुठे फांदी गेली असेल तर ते मला माहीत नाही, आणि मावशीला विचारायचं तर का विचारतोय हे सांगावं लागलं असतं.

मी बायकोला सगळं सांगितलं.

"मग तिलाही सांगून टाक ना," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंस ते. कुजलं म्हणून सांग. झाडं मरतात रे."

"तिने माझ्या भरवशावर तोडू दिलं."

"म्हणूनच सांग म्हणतेय."

माझ्याकडे पुण्याच्या अंजिराचं एक धष्टपुष्ट रोप होतं. पानं मावशीच्या झाडासारखीच. इतकी सारखी, की त्यावरूनच तर ग्रुपवाले आणि मी फसलो होतो. घर पूर्ण झाल्यावर मी ते रोप रिक्षात पायांमध्ये धरून कोलशेतला नेलं. मावशीने पानांवरून हात फिरवला, एक पान चुरगळून वास घेतला. मी खाली बघत होतो. "झाला मोठा," ती म्हणाली. इतकंच. मग आम्ही दोघांनी मिळून ते गच्चीवरच्या निळ्या पिंपात लावलं, आणि तिने मला सुके बोंबील बांधून दिले.

तेव्हापासून मला फळांची भीती वाटायला लागली. रोप सुकावं असंही मनात आलं, हे लिहायला लाज वाटते. ते सुकलं नाही. दीड वर्षात फळं धरली. मी दर आठवड्याला जाऊन बघत होतो, आणि एका दुपारी बघितलं तर सगळ्यात खालच्या फळावर जांभळी झाक चढली होती.

पिकलेलं पहिलं फळ तिने माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. बाहेरून जांभळट तपकिरी, आतून गुलाबी. तिने ते हाताने फोडलं, अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. बराच वेळ चावत राहिली.

"मावशी," मी म्हटलं.

"वरती ऊन लय लागतं त्याला," ती म्हणाली. "आनि खाली खारा पानी होता. हितं नलाचा. म्हनून असा काला परला."

आता बोलायचं, असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "माती बदलली का मानूस पन बदलतं. हा तर झार हाय." आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. तिला खरंच तसं वाटत होतं, की मला वाचवत होती, हे मला आजही सांगता येत नाही. पानाच्या देठावरून जात सांगणारा मी, तिच्या चेहऱ्यावरून मला काही ओळखता आलं नाही. मी मान हलवली आणि उरलेलं अंजीर गिळलं.

या माघात तिच्या नातीचं लग्न आहे. मुलगी खाडीपलीकडच्या गावात जाणार आहे आणि तिथे अंगण आहे. महिन्यापूर्वी मावशीने मला बोलावून पिंपातल्या झाडाची फांदी तोडायला सांगितली. "तुजा हात चांगला हाय. मुलां फुटली का दे. पोरीचे संगती देतंय." मी कात्री चालवली.

फांदी माझ्या गच्चीवर आहे. तिला मुळं फुटली आहेत, दोन पानंही आली आहेत. लेबलावर काय लिहायचं ते मावशीने नातीला फोनवर सांगायला लावलं: आजीच्या दारचा अंजीर, हिरवाच पिकतो. मार्करची शाई उन्हात सहा महिन्यांत उडते, पेन्सिलीचं अक्षर वर्षानुवर्षं टिकतं, हे कुंड्यांच्या नादात मी फार उशिरा शिकलो. काल संध्याकाळी मी प्लास्टिकची पट्टी घेतली आणि तिने सांगितलं होतं ते, तसंच्या तसं, पेन्सिलीने लिहिलं.