चार फरश्यांची बाग

चतुराबाई पिशोरची. पोलीस अ‍ॅक्शन झाली त्याच्या पुढच्या साली ती जन्मली, असं तिची माय सांगायची. घरची शेती होती, पण शेतात काय पेरायचं आणि काय विकायचं ते बाप ठरवी. मायच्या हातात होतं ते घरामागचं परस. न्हाणीचं पाणी तिकडं वाहत जाई, त्यावर वांगी, मिरच्या, अंबाडी, शेपू असं काहीबाही बारा महिने उभं असे. लहानग्या चतुराला तिथं हुंदडायला मोकळीक नव्हती, काम करायला होती. आळं कसं करायचं, शेंडा कधी खुडायचा, भाजीला पाणी सकाळी घालायचं की तिन्हीसांजेला, हे तिला पाढ्यांच्या आधी येऊ लागलं. पाढे तर पुढं आलेच नाहीत. पण खुरपं हातात आलं की तिला जगात दुसरं काही लागत नसे.

लग्न झालं ते कडूबाशी. त्याच्या वाट्याला जमीन अशी नव्हतीच. बहात्तरच्या दुष्काळात गावात कुणाला काही काम उरलं नाही, तेव्हा दोघं शहरात आले. तिथल्या छावणी भागात एका लाकडाच्या वखारीत कडूबाला हमाली मिळाली आणि आप्पासाहेब नावाच्या घरमालकाची मागच्या बाजूची खोली भाड्यानं मिळाली. खोलीच्या मोरीचं पाणी भिंतीच्या कडेला मुरत होतं. चतुराबाईनं ते पहिल्याच दिवशी हेरलं. सामान लावायच्या आधी तिनं तिथं डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, बिया टोचल्या.

वेल जोमानं वाढला आणि आप्पासाहेबांच्या पत्र्यावर चढला. चांगली घमेल्याएवढी दोन डांगरं धरली. चतुराबाई रोज मान वर करून ती बघायची, आणि एका सकाळी बघते तर देठ तेवढे शिल्लक. आप्पासाहेबांची बायको द्वारकाबाई, तिला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली की पत्रा आमचा, तर पत्र्यावरचं आमचंच. चतुराबाईला बोलायला तोंड नव्हतं, खोली भाड्याची होती. तिनं फोडणीचं तेल तापवलं आणि त्यात नुसता कांदा टाकला.

पुढच्या खोल्यांमध्येही हेच. एकीकडं शेजारच्या शेळ्यांनी मेथी मुळासकट खाल्ली. दुसरीकडं मिरचीची झाडं पांढरीशुभ्र फुलली आणि त्याच आठवड्यात मालकाच्या भावाला खोली लागली. सामान हातगाडीवर चढवताना चतुराबाई मिरचीकडं पाठ करून उभी राहिली. कडूबा म्हणाला, तिकडं पुन्हा लाव की. पुन्हा लावणं म्हणजे काय, हे या माणसाला कळत नाही, असं तिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. नंतर ते बऱ्याचदा वाटलं.

शहराबाहेर वाळूजला कंपन्या आल्या आणि कडूबाला एकीत मदतनीसाची नोकरी लागली. काही वर्षांनी तो कायम झाला. कंपनीपासून चालत जाण्याजोगा एक प्लॉट त्यानं घेतला. मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या आणि पुढची सगळी जागा तशीच मोकळी राहिली. जमीन मुरमाड होती, टिकाव मारला की ठिणगी उडायची. पण ती तिची होती. चतुराबाईचा भाऊ पिशोरहून ट्रॅक्टरनं काळी माती आणि शेणखत टाकून गेला. तिनं हातानं वाफे पाडले.

ती दहा-बारा वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यांत बरी. वांगी, गवार, चुका, लसूण, कोथिंबीर, कुंपणाला वाल आणि कारली. भाजीबाजारात ती कधी गेलीच नाही. त्या दिवसांतही तिची कुरकुर संपलेली नव्हती. शिफ्ट सुटली की पोरं जाता जाता कुंपणातून हात घालून टमाटे तोडायची. नळाला पाणी नेमानं येत नसे, तेव्हा ती भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं, आंघोळीचं, सगळं पाणी बादल्यांत धरून ठेवी. तरीही संध्याकाळी वाफ्याच्या कडेला बसून ती पालकाची पानं नुसती चाचपत राही, आणि तेव्हा कुणी हाक मारली तर तिला ऐकू येत नसे.

शेजारी नजमा राहायला आली ती याच काळात. तिचा नवरा फारूख कंपनीची शिफ्टची बस चालवायचा. पहिल्यांदा नजमा कोथिंबीर मागायला आली आणि चतुराबाईनं तिला जुडीबरोबर पुदिन्याची एक काडीही दिली, लावायला. नजमाच्या हातून ती काडी मेली. दुसरीही मेली. तिसऱ्यांदा चतुराबाई स्वतः जाऊन लावून आली. तेव्हापासून दोघींच्या मधल्या भिंतीवरून वाट्या ये-जा करू लागल्या.

मुलगा बद्रीनाथ मोठा झाला, आयटीआय शिकला, कंपनीत लागला पण ठेकेदाराकडं. आज काम आहे, उद्या सांगता येत नाही. त्याचं लग्नही झालं. गल्लीत मात्र ज्यानं त्यानं मोकळ्या जागेत खोल्या काढल्या होत्या आणि बाहेरगावची पोरं त्यांत चौघं-चौघं राहत होती. बद्रीनाथनं बापाशी बोलणं सुरू केलं. चतुराबाईच्या कानावर अर्धंमुर्धं यायचं. तिला वाटलं, वेळ आली की आपल्याला विचारतील, तेव्हा बघू.

भावाच्या पोरीचं लग्न होतं म्हणून ती पिशोरला गेली आणि तिकडंच थोडी जास्त रमली. परत आली तर अंगणात पाया खणलेला. वाफ्यांच्या जागी चर, चरांतून खडी. फळाला आलेली वांग्याची झाडं उपटून भिंतीच्या कडेला टाकली होती, त्यांवरची वांगी अजून लोंबकळत होती, सुकलेली. तिची काळी माती गवंड्यांनी भरावाला वापरली होती.

ती हातातली पिशवी खाली न ठेवता उभी राहिली. कडूबा बाजेवर बसला होता.

"मला ईचारायचं तरी," ती म्हणाली.

"ईचारलं असतं तर तू नाय म्हणली असतीस."

"मंग?"

कडूबा उठून पाणी प्यायला आत गेला. त्याचंही काही चुकत होतं असं नव्हतं. पोराचं काम पक्कं नाही, आपली नोकरी संपत आलेली, सुनेचे दिवस भरत आलेले. हे सगळं चतुराबाईलाही कळत होतं, आणि म्हणूनच तिला भांडता येईना. भांडता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

खोल्या झाल्या. समोर मोटारसायकली लावायला शहाबादी फरशीचा बोळ झाला. खालची माती गेली म्हणून चतुराबाई वर गेली. रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, सिमेंटच्या गोण्या असं काहीबाही गोळा करून तिनं स्लॅबवर पुन्हा भाजी उभी केली. एका पावसाळ्यात भाडेकरूंच्या छतातून पाणी ठिबकू लागलं. ते डब्यांमुळं की गवंड्यानं स्लॅब कच्चा टाकल्यामुळं, याचा निवाडा कुणी केला नाही. बद्रीनाथनं एका रविवारी सगळे डबे खाली उतरवले. मिरच्यांनी लगडलेल्या झाडाचा डबा उतरवताना तो जरा थबकला, पण उतरवला. भाडेकरू वेगळंच म्हणत होते. प्यायला पाणी मिळत नाही आणि म्हातारी झाडांना घालते. ती सांडपाणी घालायची हे सांगूनही त्यांना पटेना. चतुराबाईनं सांगणं सोडून दिलं.

मग काही वर्षं तिनं काहीच लावलं नाही. नातवंडं सांभाळली. भाजी बाजारातून येऊ लागली. पिशवीतून जुडी काढताना ती वास घेई, तोंड वाकडं करी आणि निवडत बसे. गुडघे दुखू लागले ते याच काळात. कडूबाही निवृत्त होऊन घरी बसला होता.

एका दिवाळीला भाडेकरू झाडून सगळे गावी गेले. बोळ मोकळा झाला, एकही मोटारसायकल नाही. भाऊबीजेला बद्रीनाथ बायकोला घेऊन सासरवाडीला गेला होता. दुपारी चतुराबाईनं पहार आणली. नजमाच्या बाजूच्या भिंतीला लागून असलेल्या फरशीच्या सांध्यात टोक घातलं आणि अंगाचा भार टाकला. पहिली फरशी तुटली. दुसरी अख्खी निघाली. आवाज ऐकून कडूबा दारात आला आणि तिथंच उभा राहिला. त्यानं ना थांबवलं, ना हात लावला. चौथी फरशी निघाल्यावर मात्र म्हणाला, "आता बास कर. भिंत खचल."

बद्रीनाथ संध्याकाळी आला. चतुराबाई खड्ड्याच्या कडेला बसली होती, हात सोलवटलेले.

"माय, हे काय केलं? लोक गाड्या कुठं लावतेल?"

"लावतेल कुठं बी. बाकी सारा बोळ हायच की."

"तुला भाजी खायची तर मी रोज आणून देतो ना. काय पाहिजे ते आणतो."

"मला खायची नाय बाबा," ती म्हणाली. "मला लावायची हाय. इतकी वर्षं झाली, तुम्हा बापलेकांना तेवढंच कळंना."

बद्रीनाथ तुटक्या फरशीचे तुकडे उचलू लागला. चार फरश्या तिच्या राहिल्या. पाचवीला हात लावायचा नाही, एवढं मात्र त्यानं बजावलं.

फरशीखाली माती नव्हतीच. वाळलेलं सिमेंट, विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, तारांची भेंडोळी. तिनं ते हात हात खोल उपसलं, चाळून चाळून टाकलं. लावलेला वाल पिवळा पडला आणि गेला. भाऊ आता राहिला नव्हता, पण भाच्यानं पिशोरहून दोन पोती खत पाठवलं. दुसऱ्या वर्षी वांग्यांनी जीव धरला. चार झाडं, पण काटेरी, टवटवीत. पहिलं वांगं तिनं भाजून, मीठ-मिरची घालून नजमाला दिलं.

त्याच उन्हाळ्यात नजमाच्या मुलानं, मुबारकनं, घरावर मजला चढवला. त्याचं लग्न ठरलं होतं, खोली नको का? भिंत वर वर जात होती आणि चतुराबाई खाली बसून बघत होती. मजला पुरा झाला तेव्हा तिच्या चार फरश्यांवर ऊन येईनासं झालं. वांगी लांबट, फिकट झाली, फुलं गळू लागली. त्या सावलीत एकच गोष्ट आपणहून माजली. आळू. कुठल्यातरी खताच्या पोत्यातून एखादा कंद आला असावा. सांडपाण्यावर पानं अशी वाढली की भाडेकरूंच्या बायका वड्यांसाठी मागायला येऊ लागल्या आणि बाग झकास झाली म्हणून कौतुक करू लागल्या. चतुराबाई पानं कापून द्यायची आणि वैतागून म्हणायची की याला मी पाणीसुद्धा घालत नाही, हे काय माझं लावलेलं आहे?

नजमाला ते बघवेना. एक दिवस ती भिंतीपाशी आली.

"भाभी, तुमची धूप आम्ही खाल्ली," ती म्हणाली. "अब ऊपर छत है ना. दिवसभर ऊन असतं. तिथं लावा."

फारूखनं गॅरेजमधून तेलाचे रिकामे डबे आणले, त्यांना भोकं पाडली, माती भरली. चतुराबाईनं घरी बसून बिया निवडून दिल्या, दोडक्याच्या आणि कारल्याच्या. पण तिला जिना चढवेना. उभा, अरुंद जिना आणि तिचे गुडघे. शेवटी असं ठरलं की चतुराबाईनं खालून सांगायचं आणि नजमानं वर करायचं.

या कारभारानं तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला. ती आळवात उभी राहून मान वर करून विचारायची, वरून नजमा उत्तर द्यायची, आणि उत्तरातून काही कळायचं नाही. फूल आलं आहे, एवढं नजमा सांगायची. त्याच्यामागं बारीक दोडकं आहे की नुसताच देठ, हे विचारलं की चष्मा खाली राहिला म्हणायची. पाणी किती घातलं? बहुत डाला. म्हणजे किती? पुढं नजमानं मोठ्या हौसेनं पहिले दोडके आणले, ते हातभर लांब आणि निबर. सुरी फिरेना. चतुराबाईनं शिरांची चटणी केली. कडूबानं ती भाकरीबरोबर मुकाट्यानं खाल्ली आणि आणखी मागितली, याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी कामाला गेल्यावर ती नजमाच्या घरी गेली आणि जिन्यावर बसली. पहिल्या पायरीवर बसायचं, हात मागं टेकून वरच्या पायरीवर सरकायचं. नजमा नको नको म्हणत मागोमाग. गच्चीवर पोचली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. वेल नायलॉनच्या दोरीनं आवळून बांधलेले, डबे एकमेकांना खेटून, एका डब्यात पाणी साचून मूळ कुजलेलं. तिनं तोंडाचा पट्टा चालू ठेवला आणि हातानं सगळं सोडवत गेली. दोऱ्या सैल केल्या. पिवळी पानं काढली. मांडवाला आधार दिला. नजमानं चहा आणला तो निवून गेला.

उतरता मात्र येईना. बसून सरकायला गेली तर डोळ्यांपुढं अंधारी आली. बद्रीनाथ शिफ्टवरून येईपर्यंत ती वरच बसून राहिली, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं काही वाटलं नाही. तो आला, अंगावर कंपनीचे कपडे, कपाळाला आठ्या. त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि एकेक पायरी बेतानं उतरू लागला.

"आता पुन्हा जाऊ नको, माय."

"कारल्याचा मांडव अजून नीट झाला नाय."

दोन पायऱ्या तो उतरला. मग म्हणाला, "रविवारी नेत जाईन. रोज नाय जमायचं मला."

"दोडकं काय रविवारची वाट बघतं व्हय?"

पण रविवार तर रविवार. तेव्हापासून दर रविवारी बद्रीनाथ तिला वर नेतो आणि उन्हं उतरली की खाली आणतो. मधल्या दिवसांत नजमाला वेळ झाला तर ती तोडते, नाही तर दोडके निबर होतात. अर्धे तरी होतातच. चतुराबाई वर गेली की आधी ते निबर झालेले मोजून बाजूला टाकते, प्रत्येकावर काहीतरी बोलते, आणि मग पदर खोचून कामाला लागते.