साळवी मास्तरांची सातची प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाच्या घरी भांडण झालं, मुलगा बिघडला, सून उलटून बोलली, की पाळकसाहेब एकच सल्ला देतात. साळवी मास्तरांच्या घरी जाऊन बघा म्हणतात, ख्रिस्ती कुटुंब कसं चालतं ते. मी त्या घरात बहिणीचं लग्न ठरल्यापासून जाते-येते आहे. एलिया साळवी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शलोमीताईचे यजमान. ते कुटुंब कसं चालतं ते मला पाळकसाहेबांपेक्षा जास्त माहीत आहे. ते शिट्टीवर चालतं.

मास्तर पी.टी.चे. निवृत्त झाले तेव्हा शिट्टी शाळेत जमा केली, पण तिचा आवाज घरी घेऊन आले. पहाटे उठायचं, थंड पाण्याने अंघोळ, मग पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अध्याय मोठ्याने वाचायचा. इतक्या मोठ्याने, की शेजारचे महिपत नाईक देवळात जाणारे गृहस्थ असूनही त्यांचं निम्मं शास्त्र ऐकून पाठ झालं असेल. दारू नाही, तंबाखू नाही, सिनेमा नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. मंडळीत त्यांचं कौतुक करताना लोक हे सगळे नकार एका दमात म्हणून टाकतात. मला कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगेन, नकारांची मोळी बांधली म्हणून तिचा माणूस होत नाही.

त्या घराचा खरा डोलारा उभा होता तो संध्याकाळी सातच्या प्रार्थनेवर. सात म्हणजे सात. सतरंजीवर वयाप्रमाणे बसायचं, आधी मास्तर, मग ताई, मग अजिंक्य, मग समीक्षा. गीत व्हायचं, वचन व्हायचं, आणि मग मास्तर डोळे मिटून एकेकाचं नाव देवापुढे घ्यायचे. "मी तुझा दास एलिया, माझी पत्नी शलोमी, पुत्र अजिंक्य, कन्या समीक्षा." त्यानंतर आजारी, अनाथ, सरकार आणि मिशनरी. शेवटी प्रत्येकाने मोठ्याने आमेन म्हणायचं. कुणाचं आमेन पुटपुटल्यासारखं वाटलं तर त्याला परत म्हणायला लावायचे. सगळ्यांचं आमेन होईपर्यंत प्रार्थना संपली असं धरायचं नाही आणि जागेवरून उठायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. शास्त्रात तो कुठेही नाही, मी शोधलाय.

एकदा चुलीवर बांगडे राहिले होते. धूर बाहेरच्या खोलीपर्यंत आला, ताईचा जीव खालीवर होत होता, पण मास्तर मिशनऱ्यांपर्यंतच पोहोचले होते. बांगड्यांचा कोळसा झाला. पुढच्या रविवारी मास्तरांनी उपासनेत उभं राहून त्याची साक्ष दिली, की सैतान धुराच्या रूपाने आला तरी आमचं कुटुंब हललं नाही. लोकांनी माना डोलावल्या. तवा घासत बसली होती ती कोण, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

अजिंक्यला मुंबईला नोकरी लागल्यावर तो फोनवरून हजर राहू लागला. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून त्याच्या जागेवर ठेवायचे. पोरगं हुशार. कॅमेरा छताकडे करून तो आपली कामं उरकायचा आणि शेवटी तेवढं आमेन म्हणायचा. मास्तरांना इकडे छताचा पंखा दिसायचा. पंखा फिरतोय म्हणजे मुलगा हजर, एवढ्यावर ते खूष असायचे. आपण मुलाला किती वर्षांत धड पाहिलेलं नाही, हा विचार त्यांना शिवला नाही.

समीक्षाला हे जमलं नाही. ती मंडणगडकडे शाळेत शिक्षिका म्हणून गेली. तिथे सम्यक भेटला, तहसील कचेरीत कारकून, बौद्ध कुटुंबातला. सरळ, कामसू मुलगा. तिने घरी येऊन समोर बसून सांगितलं, लपवलं नाही. नोंदणी करून लग्न केलं. मास्तर ओरडले नाहीत, की रागाने ताटावरून उठले नाहीत. त्यांनी काय केलं, तर त्या दिवसापासून सातच्या प्रार्थनेत अजिंक्यनंतर थेट आजारी आणि अनाथांवर उडी मारली.

ताईला पहिल्या दिवशी वाटलं, चुकून झालं. दुसऱ्या दिवशी तिने आठवण केली, अहो, पोरीचं नाव राहिलं. मास्तर म्हणाले, राहिलं नाही. एवढंच. त्या दिवसापासून ताई रोज संध्याकाळी मुलीला वगळलेल्या प्रार्थनेला आमेन म्हणत आली. मी तिला बोलले, चिडले, हात जोडले. ती म्हणायची, घरात वाद नको गो विमला. शिस्तीचं कौतुक करणाऱ्यांना हे दिसत नाही. एक माणूस नियम करतो आणि दुसरं माणूस तो गिळत राहतं, तेव्हा कुठे ते घर शांत दिसतं.

गेल्या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, सम्यकचा ताईला फोन आला. समीक्षाचे दिवस भरत आले होते, पोटातलं बाळ फिरलेलं नव्हतं, पाय खाली होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की हिला मोठ्या हॉस्पिटलजवळ नेऊन ठेवा, ऐनवेळी घाटातून आणणं जमणार नाही. पहिलं बाळंतपण, माहेर रत्नागिरीत, मोठं हॉस्पिटलही रत्नागिरीत. सम्यकने अगदी संकोचून विचारलं, आई, तिला तुमच्याकडे आणू का?

मी जन्मभर नर्स होते. मी ताईला म्हटलं, बाळ पायाळू आहे, वाट बघण्यात अर्थ नाही, इथेच मांडवीला माझ्या घरी आण तिला. ताईने मान हलवली. आई जिवंत असताना पोरगी मावशीकडे कशाला बाळंत होईल, म्हणाली. तिने धीर करून मास्तरांना विचारलं. मास्तर त्या वेळी लेंटचा उपास करत होते. दिवसभर पाण्यावर राहायचे, सातच्या प्रार्थनेनंतर जेवायचे, आणि हे साऱ्या गल्लीला ठाऊक असेल याची काळजी घ्यायचे. त्यांनी उत्तर दिलं, जिचं नाव या घरच्या प्रार्थनेत नाही, तिची खाट या घरात पडणार नाही. मग ताईने मला बोलावून घेतलं.

मी पोहोचले तेव्हा सात वाजायला आले होते. स्वयंपाकघरात भात आणि कुळथाची पिठी तयार होती, वास घरभर होता. मास्तर बसले, ताई बसली, फोनमध्ये पंखा फिरत होता, मी पाहुणी म्हणून शेवटी बसले. गीत झालं. वचन झालं. नावं झाली, तीच, तेवढीच. मास्तर आमेन म्हणाले, फोन आमेन म्हणाला, मीही कशीबशी म्हणाले. ताई बोलली नाही.

मास्तरांनी डोळे उघडले आणि वाट पाहिली. त्यांना वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. त्यांनी शेवटचं वाक्य परत म्हटलं. ताई मांडीवर हात ठेवून शांत बसली होती. रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. मास्तरांनी मग पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना केली, मैदानावर कवायत चुकली की पोरांना परत करायला लावायचे तशी. नावं आली, गेली. ताई गप्पच. फोनमधला अजिंक्यही गोंधळला असावा, कारण पंख्याच्या जागी पहिल्यांदाच त्याचा चेहरा दिसला.

"शलोमी, आमेन म्हण," मास्तर म्हणाले.

"पोरीचं नाव घ्या, म्हणते."

मास्तरांनी पुन्हा डोळे मिटले. मला वाटलं, आता घेतील. माणसाच्या आत कुठेतरी बाप असतोच, एवढं मी तोपर्यंत मानत होते. पण ते नुसते बसून राहिले, ताठ, पाठीला काठी लावल्यासारखे. त्यांच्या पोटातून आवाज येऊ लागला. पिठीचा वास येतच होता. त्यांची नजर एकदा स्वयंपाकघराकडे गेली, मग दुसऱ्यांदा गेली. आणि साळवी मास्तर, आख्ख्या मंडळीचा आदर्श, गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले आणि स्वतःचं ताट वाढून घेऊ लागले. एक नाव तोंडातून काढायचं नव्हतं म्हणून त्यांनी जन्मभराचा नियम भातासाठी मोडला. मला त्यांची इतकी किळस कधी आली नव्हती.

ताई आतल्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"तुम्ही उठलात ना," ती म्हणाली. "मग आता मीपण उठते."

तिने कपाटातून दोन लुगडी, चष्मा आणि तिचं लहान शास्त्र घेतलं. मास्तर घास हातात धरून बघत होते. नाक्यावर रिक्षा मिळाली आणि आम्ही मांडवीला आलो.

दुसऱ्याच दिवशी सम्यक समीक्षाला घेऊन आला. बरोबर त्याची आई जाईबाई, तांदूळ आणि नाचणीच्या पिठाची गाठोडी घेऊन. माझ्या दोन खोल्यांत चार बायका. संध्याकाळी ताई प्रार्थनेला बसायची तेव्हा जाईबाई शेजारी हात जोडून गप्प बसायच्या. नंतर त्या मेणबत्ती लावून आपली बुद्धवंदना म्हणायच्या, तेव्हा ताई बसायची. बोलायचं असेल त्याने बोलावं, झोप आली असेल त्याने झोपावं. ताई सगळ्यांची नावं घ्यायची, सम्यकचं, जाईबाईंचं, पोटातल्या बाळाचं. आणि सर्वांत आधी मास्तरांचं. ते ऐकून मी भांडी आपटायची. मला अजूनही ते पटत नाही.

बाळ पोट कापून काढावं लागलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मास्तर बघायला आले नाहीत. मात्र ईस्टरच्या उपासनेत त्यांनी उभं राहून साक्ष दिली, की मी माझ्या पत्नीला एका गरजू कुटुंबाच्या सेवेसाठी दिलं आहे. पाळकसाहेबांनी प्रभूचा गौरव केला. बायकांच्या बाजूला मी आणि ताई शेजारी बसलो होतो. लोक वळून ताईकडे कौतुकाने पाहत होते. मी उठून बोलणार होते, तर तिने माझा पदर धरून मला खाली बसवलं.

मागच्या आठवड्यात अजिंक्य भाचीला बघायला आला. जमिनीवर नजर ठेवून त्याने सांगितलं, की बाबा अजून सातला फोन लावतात. सतरंजी अंथरतात, गीत म्हणतात, वचन वाचतात. पण आता त्यांनी आईचंही नाव गाळलं आहे. मी तुझा दास एलिया, पुत्र अजिंक्य, आणि मग आजारी व अनाथ.

मी तोंडाला येईल ते बोलले. समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई नातीला पायांवर घेऊन तेल चोळत होती. तिचा हात थांबला नाही.

"मग लवकर आटपत असेल," ती म्हणाली. "गरम जेवण मिळत असेल त्यांना."

आणि तिने बाळाला पालथं घातलं.