देव्हाऱ्यातला भूगोल

नववीत आमच्या भूगोलाच्या बाईंनी एक गोष्ट सांगितली आणि मी ती घरी येऊन मायला सांगितली. नवीन काही कळलं की ते पोटात राहायचं नाही, ही माझी खोड.

बाई म्हणाल्या होत्या, ज्वालामुखी हे मुळात आगीच्या डोंगराचं नावच नव्हे. उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी देवीचं एक ठाणं आहे. तिथे खडकाच्या फटींतून ज्योती निघतात, म्हणून ती देवी ज्वालामुखी. पुढे आग ओकणाऱ्या डोंगरांना शब्द हवा होता, तेव्हा देवीचंच नाव त्यांना दिलं.

माय चुलीपुढे होती. तिने पदर सावरून हात जोडले.

"तिचं नाव तुह्या पुस्तकात हाय?"

मी पान उघडून त्या अक्षरांवर बोट ठेवलं. मायला वाचता येत नव्हतं. तिने पानाला हळदकुंकू वाहिलं आणि पुस्तक देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. अभ्यासाला हवं तेव्हा हातपाय धुऊन घ्यायचं, झालं की परत तिथेच. मला गंमत वाटली. वर्गात ते कुंकवाचं पान दाखवून मी भावही खाल्ला.

नागपूर तेव्हा राजधानीचं शहर होतं, पण आमच्या विणकरांच्या वस्तीत नववीपर्यंत पोचलेली मुलगी मी एकटीच. बाबा मागावर लुगडी विणायचे आणि इतवारीच्या बाजारात नेऊन द्यायचे. त्यांनी सांगून ठेवलं होतं, पास झालीस तर मॅट्रिकपर्यंत शीक, एका विषयात जरी गचकलीस तर उमरेडच्या स्थळाला होकार. मुलगा वाईट नव्हता. मला शिकायचं होतं, एवढंच. आणि सहामाहीला भूगोलातच माझी दांडी उडाली होती.

वार्षिक परीक्षेत नेमका भूगोलाच्या आदल्या दिवशी मला कावळा शिवला. आमच्याकडे चार दिवस बाजूला म्हणजे बाजूला. मागच्या पडवीत घोंगडी, वेगळं ताट, कुणाला शिवायचं नाही. शाळा घराबाहेरची, तिला सूट होती. पुस्तकंही माझ्याजवळच असायची. पण भूगोल आता देवीचा झाला होता.

"माय, पुस्तक दे वं. उद्या पेपर हाय."

"विटाळात देवीले हात लावतेत काय? काही बी बोलून राहिली!"

"अवं, ते पुस्तक हाय."

"तूच तं सांगतलं, देवीचं नाव हाय म्हणून."

मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. मी रडले, मग चिडले, जेवणाचं ताट सरकवून दिलं. ही बाई मुद्दाम माझं लग्न लावायला निघाली आहे, असंच मला वाटलं.

संध्याकाळी बाबांनी मागावरचा धोटा खाली ठेवला, हातपाय धुतले आणि देव्हाऱ्यातलं पुस्तक घेऊन पडवीच्या उंबऱ्यात बसले. चौथी शिकलेला माणूस. अक्षर अक्षर जुळवत मोठ्याने वाचू लागले. मी ऐकत होते, माय आत भाकरी थापत ऐकत होती. ज्वालामुखीचे प्रकार आले.

"जागृत," बाबांनी वाचलं.

"हायेच ती जागृत," आतून माय म्हणाली.

"निद्रिस्त. म्हणजे झोपलेला."

"देवी बी झोपते."

पुढच्या शब्दावर बाबा अडले.

"काहून थांबले जी?"

"मृत," बाबा म्हणाले. "म्हणजे मेलेला."

भाकरीचा आवाज थांबला. माय पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"मेलेला? असं लिवलं हाय?"

"असंच लिवलं हाय."

"देवी मरते काय जी?"

मायने वाकून त्या अक्षरांकडे बघितलं.

"नाव आणलं या पुस्तकवाल्यायनं देवीचं," ती म्हणाली. "देवी नाही आणली."

तिने बाबांच्या हातून पुस्तक घेतलं. रीत जमिनीवर ठेवून सरकवायची होती. तिने ते माझ्या हातात दिलं. तिची पिठाची बोटं माझ्या बोटांना लागली.

"वाच," म्हणाली, आणि शिवल्याची आंघोळ करायला मोरीत गेली. तव्यावरची भाकरी बाबांनी उलटली.

भूगोलात मी जेमतेम पास झाले. उमरेडला नकार कोणत्या तोंडाने कळवायचा, म्हणून बाबा चालढकल करू लागले. माय तोवर कधी एकटी गावाबाहेर गेली नव्हती.

"मी जातो," ती म्हणाली. "पोरगी शिकून राहिली, असं सांगतो."

आणि सकाळच्या मोटारीने गेली.