पाणी न धरणारं मशीन

आमच्या घरातलं कपडे धुण्याचं मशीन मेलं आहे, असं आधी बाजारपेठेतल्या मिस्त्रींनी सांगितलं, मग काकांनीही तेच धरलं. मी दोघांचंही ऐकलं नाही. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, बोटीवर होता. एका परदेशी बंदरात कोणी कुटुंब घर मोडून चाललं होतं, त्यांच्याकडून त्याने हे मशीन घेतलं आणि सुट्टीवर येताना आणलं. पांढरं, पत्र्याचं, वरून झाकण उघडणारं. सोबत वीज कमी करून देणारी एक जड लोखंडी पेटी होती, कारण आपली वीज त्याला सोसणारी नव्हती. माहितीचं पुस्तक नव्हतं. आणि चार दिवसांत दादा पुन्हा बोटीवर गेला. जाताना मला म्हणाला, "तू बी.एस्सी. झालीस ना? बघ जमतं का. आईचे हात पाण्यातून बाहेर काढायचेत एवढं लक्षात ठेव."

आईच्या हातांबद्दल सांगायला हवं. वडील मुंबईत नोकरीला. घर चालत होतं, पण माझं कॉलेज त्यात बसत नव्हतं. म्हणून आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाऊ लागली. काजूच्या सालीतलं तेल कातडीला लागलं की भाजतं. बायका हाताला राख लावून बसतात, तरी ते बोटांत शिरतंच. मी पदवीधर झाले तोवर आईची बोटं काळी पडून उलली होती. घरी आल्यावर कपडे धुताना तेच हात सोड्याच्या पाण्यात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, साबण आणि सोडा बंद केला नाही तर या जखमा भरणार नाहीत, आत पू होईल. माझी पदवी त्या बोटांतून निघाली होती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

मशीन काकांनी न्हाणीघरात बसवलं. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडील मुंबईत, त्यामुळे घरात त्यांचाच शब्द. मशीनच्या मागून एक जाड नळी येत होती, वापरलेलं पाणी बाहेर टाकण्यासाठी. तिच्या टोकाला छत्रीच्या मुठीसारखं प्लास्टिकचं वळण होतं. आमच्याकडे न्हाणीघराचं पाणी वाया जात नाही. भिंतीच्या तळाला एक भोक असतं, तिथून पाणी दगडांनी झाकलेल्या पाटाने मागच्या माडांच्या आळ्यात जातं. काकांनी नळी त्या भोकातून बाहेर काढायला घेतली, तर वळण अडकलं. त्यांनी कोयत्याने वळण छाटून टाकलं आणि नळी पाटात आत सरकवून वर दगड ठेवले. "आता एक थेंब फुकट जाणार नाय," म्हणाले.

मशीनला नळ जोडायची सोय नव्हती. विहिरीवरून पाणी आणून वरून ओतायचं. मी बटण फिरवलं, ओढलं. मशीन गुणगुणायला लागलं. तीन बादल्या ओतल्या, गुणगुण चालूच. पाच ओतल्या. ड्रममध्ये वीतभर पाणी दिसायचं आणि जरा वेळाने तेही नाही. तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी काकांनी मिस्त्रींना आणलं. ते विहिरीचे पंप दुरुस्त करायचे, हात चांगला होता त्यांचा, पण असलं मशीन त्यांनीही पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन बादल्या ओतल्या, कान लावला, पत्र्यावर टिचकी मारली.

"टाकी गळतेय. टायमर पण गेलाय," ते काकांना म्हणाले. "मोटर तेवढी शाबूत हाय. मला द्या, कुणाच्या तरी पंपाला लागेल."

"घेऊन जा. रविवारी टेम्पो आण," काका म्हणाले. "आतलं पिंप ठेवून जा पण. कुळीथ भरायला होईल."

"मशीन दादाने आईसाठी आणलंय," मी म्हणाले.

मिस्त्री हसले. "ताई, तुम्ही बी.एस्सी. ना? कपडे धुवायला पण बी.एस्सी. लागते काय?"

"नाही लागत. पण टाकी गळतेय म्हणता, तर खाली जमीन कोरडी कशी?"

काका म्हणाले, "शिकलीस ती शाळेत शिकव. घरात नको."

मी तेव्हा एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. काकांचं ते वाक्य मला लागलं, पण त्याने एक उपकार केला. मी ठरवलं की शाळेत मुलांना जे करायला सांगते तेच घरात करायचं. अंदाज नको, आधी बघायचं.

शनिवारी अर्धा दिवस शाळा असायची. दुपारी काका मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले आणि मी पदर खोचला. प्लग काढला. मशीनखाली वर्तमानपत्र पसरलं. आईला म्हटलं, "तू नुसती बघ. हात लावू नकोस." पाच बादल्या भराभर ओतल्या. ड्रमच्या आत पाण्याच्या पातळीशी पेन्सिलने रेघ मारली. थोड्याच वेळात पाणी रेघेच्या चार बोटं खाली. आणखी थोड्या वेळाने वीतभर खाली. वर्तमानपत्र मात्र अगदी कोरडं.

म्हणजे पाणी टाकीतून गळत नव्हतं. पण जात तर होतं.

मी मागच्या दाराने बाहेर गेले. दुपारी कुणी आंघोळ केलेली नव्हती, तरी पाटाच्या दगडांखालून खळखळ येत होती. एक दगड उचलला. स्वच्छ पाणी वाहत होतं. माडाचं आळं काठोकाठ भरलं होतं. तीन दिवस आम्ही विहिरीतून उपसलेलं पाणी मशीनमधून फिरवून माडाला घालत होतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या वाकड्या नळ्या असत. एका बाजूला पाणी ओतलं की दुसऱ्या बाजूला तेवढंच वर चढायचं, आणि ते टोक खाली केलं की सगळं सांडून जायचं. आमचे सर ते टोक मुद्दाम माझ्या हातात देत, कारण मी खेड्यातून आलेली, मागच्या बाकावर बसायची आणि बोलायची नाही. त्या सरांची मी ऋणी आहे. मी पाटातून नळी ओढून काढली, भोकातून आत घेतली आणि तिचं टोक डोक्याच्याही वर धरून उभी राहिले.

"आई, आता ओत. पण फडकं गुंडाळून बादली धर."

"अगो, अशी किती वेळ उभी राहशील?"

"तू ओत."

आईने सहा बादल्या ओतल्या. पाणी हललं नाही, तिथेच राहिलं. मी प्लग लावायला सांगितला, बटण ओढायला सांगितलं. तीच गुणगुण. आईने सातवी बादली ओतली. माझे खांदे भरून आले होते. आठव्या बादलीला पाणी पुरेसं झालं असावं; आतून खट् असा आवाज झाला, गुणगुण थांबली आणि ड्रममधला उभा खांब इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरू लागला. आई दोन पावलं मागे सरली. मग पुढे आली आणि ड्रममध्ये वाकून कितीतरी वेळ बघत राहिली.

"हे एवढंच होतं?" ती म्हणाली.

"एवढंच."

मी काथ्याने नळी खिडकीच्या गजाला कमरेच्या वर बांधली आणि टोक जमिनीकडे वळवलं. मशीन पाणी टाकेल ते न्हाणीत पडेल, आणि न्हाणीतून पूर्वीसारखं माडाला जाईल. थेंबही वाया जाणार नव्हता. पण काका परत आले, त्यांनी पाटातली नळी निघालेली पाहिली आणि हातातली पिशवी ओट्यावर आपटली.

"माझ्या माडाचं पाणी तोडलंस?"

"तुम्ही छाटलंत ते वळण त्यासाठीच होतं, काका. नळी वर अडकवायला. ती खाली असली की मशीन पाणी धरत नाही."

"म्हणजे चूक माझी?"

मी गप्प बसायला हवं होतं, असं पुढे बऱ्याच जणांनी मला सांगितलं. मी म्हणाले, "हो."

काकांनी मिस्त्रींना नको म्हणून निरोप पाठवला नाही. रविवारी सकाळी टेम्पो दारात आला तेव्हा मशीन चालू होतं, आणि नेमकं त्याच वेळी ते कपडे पिळायच्या टप्प्यावर आलं. धाड धाड आवाज करत जांभ्याच्या फरशीवरून सरकायला लागलं.

"बघ! फुटतंय आता!" काका म्हणाले.

"बेअरिंग गेलं," मिस्त्री दारातूनच म्हणाले.

एका क्षणासाठी मलाही वाटलं, हे लोक बरोबर असतील. मी बटण दाबून ते थांबवलं, झाकण उघडलं. उत्साहाच्या भरात आईने एक गोधडी टाकली होती. ती भिजून दगडासारखी जड झालेली आणि सगळी एका बाजूला बसलेली. मी गोधडी उचलून गोलाकार पसरली, उरलेले कपडे भोवती सारखे लावले, मशीनच्या पायाखाली लाकडाची पाचर सारली. झाकण लावलं. या वेळी ते थोडं थरथरलं आणि मग एकसुरात फिरत राहिलं. नळीतून न्हाणीत मळकं पाणी पडू लागलं.

मिस्त्री आत आले. झाकणावर हात ठेवून उभे राहिले. "पाणी जात होतं कुठे?"

मी पाटाकडे बोट केलं. त्यांनी छाटलेली नळी पाहिली, गज पाहिला आणि मोठ्याने हसले. "काकानू, माड धुवून काढलात की तुम्ही! ताई, मी हरलो." ते रिकामा टेम्पो घेऊन गेले. पुढे एकदा त्यांनीच नळीला नवीन वळण बसवून दिलं.

काका मात्र तिथेच उभे होते. चारचौघांत हसं झाल्यावर माणसाला काहीतरी जागा हवी असते. ती त्यांना सापडली.

"चालवा तुमचं यंत्र. पण बायकांच्या लुगड्यांबरोबर माझं धोतर त्यात जाणार नाय. माझे कपडे दगडावरच धुवायचे. हातानं."

हाताने म्हणजे कुणाच्या, हे सांगायची गरज नव्हती. सगळा खटाटोप ज्यासाठी केला, तेच ते एका वाक्यात परत मागत होते. मी तोंड उघडलं, पण आईने मला दंडाला धरून मागे सारलं. लग्न होऊन आल्यापासून ती थोरल्या दिरासमोर कधी उभी राहून बोलली नव्हती. जे सांगायचं ते दाराआडून, नाहीतर माझ्या तोंडून. आता तिने पदर नीट घेतला आणि त्यांच्यासमोर दोन्ही हात पुढे केले. जखमांवर बांधलेली फडकी सुटली होती.

"भावजी, हे बघा. या हातांनी आता सोडा शिवणार नाय मी. धोतर मशीनमध्ये टाका, नायतर तुमचं तुम्ही धुवा. साबण वर फळीवर हाय."

काकांनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग फळीवरचा साबण घेऊन वळले. थोड्या वेळाने विहिरीजवळून कपडा आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा. मला वाटलं आई उठेल. आई मशीनपाशी लाकडी पाटावर बसून होती. तिने मला विचारलं, "हे थांबलं की मग काय करायचं गो?"